गाजर केकचे ट्रफल्स घरी: मुंबईच्या हवेत टिकवायचे कसे?

केळफूल
नमस्कार मंडळी. रथसप्तमीच्या आधीच्या शनिवारी आमच्याकडे मुलुंडला हळदीकुंकू आहे. बिल्डिंगमधल्या, ऑफिसमधल्या आणि साबांच्या (सासूबाईंच्या) भिशीतल्या मिळून चाळीसेक बायका येतील. तिखटात मटार करंजी पक्की आहे. गोडात यावेळी तिळगुळासोबत गाजर केकचे ट्रफल्स करायचं डोक्यात घेतलंय, म्हणजे गाजराचा केक भाजायचा, तो कुस्करून क्रीम चीजमध्ये मळायचा, एका घासाच्या गोळ्या वळायच्या आणि पांढऱ्या चॉकलेटमध्ये बुडवायच्या. बाजारात लाल गाजरं छान आलीयेत, शिवाय एकेक गोळी छोट्या कागदी वाटीत ठेवली की चमचे-बश्या काही लागत नाही, हातात वाण आणि पर्स सांभाळत उभ्याउभ्या खाता येतं.
प्रश्न तीन आहेत. १. निम्म्याहून जास्त बायका अंडं खात नाहीत, तर बिनअंड्याचा केक याला चालेल का? २. क्रीम चीज महाग पडतं, त्याऐवजी चक्का वापरला तर? ३. सगळ्यात मोठा प्रश्न, बायका पाच ते नऊ कधीही येतात, तोवर हे बाहेर टिकतील का? फ्रीजमधून काढलं की चॉकलेटला घाम सुटतो आणि सगळं चिकट होतं, त्यावर काय करता?

ओवा
फोटो टाकायचं कबूल कर आधी, मग उत्तरं! मलाही तिसऱ्याच प्रश्नाचं उत्तर हवंय, लेकीचा वाढदिवस आहे पुढच्या महिन्यात.

पार्लेकर
केक भाजायचा आणि परत कुस्करायचा, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? लाल गाजरं हाताशी आहेत तर हलवा आटवा, खवा घाला, लाडू वळा, वर पिस्त्याचे काप लावा. हळदीकुंकवाला शोभेल आणि कोणी बोट ठेवणार नाही.

वेलदोडा
पार्लेकर, हलव्याचा लाडू मलाही जीव की प्राण आहे, पण खाताना दोन्ही अगदी वेगळे लागतात हो. हलव्यात दूध आटलेलं असतं, तूप असतं, तो जड आणि सलग लागतो. केकचा चुरा जाळीदार असतो, तो आंबटसर चीज पिऊन घेतो आणि वरून चॉकलेटचा कडक पापुद्रा फुटला की आतून मऊ दालचिनीचा वास येतो. त्या पापुद्र्यासाठीच एवढा खटाटोप.
केळफूल, बिनअंड्याचा बिनधास्त कर. याला उलट तोच बरा पडतो कारण केक थोडा दाट आणि ओलसर हवा असतो, हलका फुललेला स्पंज नकोच आहे. माझं माप देते, यात २० ग्रॅमच्या चाळीस-पंचेचाळीस गोळ्या आरामात होतात:
मैदा दीड कप, साखर पाऊण कप, घट्ट ताजं दही पाऊण कप, बिनवासाचं तेल अर्धा कप, बारीक किसलेलं गाजर दीड कप, बेकिंग पावडर १ चमचा, सोडा अर्धा चमचा, दालचिनी पूड १ चमचा, चिमूटभर मीठ, थोडं जायफळ आणि मूठभर भाजून बारीक केलेले अक्रोड. दही-साखर-तेल फेटून घे, त्यात कोरडं चाळून घाल, शेवटी गाजर आणि अक्रोड. आठ इंची टिनमध्ये १८० डिग्रीला ३५ ते ४० मिनिटं.
आता मुद्द्याचं. गाजर किसणीच्या बारीक भोकांनी किस. फूड प्रोसेसरमधून जे लांब धागे पडतात ते गोळी वळताना बाहेर डोकावतात आणि चॉकलेटमधून टोकं दिसतात. लाल गाजराला पाणी जास्त असतं म्हणून किस हलक्या हाताने पिळून घे, तो रस पराठ्याच्या कणकेत घाल. लाल गाजर गोडही असतं, साखर दोन चमचे कमी केलीस तरी चालेल, वरून पांढरं चॉकलेट आहे ते भरपूर गोड असतं.

सानपाडा_लोकल
माझ्याकडे ओव्हन नाही. कुकरमध्ये होईल का?

वेलदोडा
होईल की. शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला मीठ पसरायचं, त्यावर स्टँड, झाकण लावून दहा मिनिटं तापवायचा आणि मग टिन आत. मंद ते मध्यम आचेवर ४०-४५ मिनिटं धर, सुरी घालून बघ. कुकरच्या केकला वरून रंग येत नाही पण इथे तो चुराच होणार आहे त्यामुळे काही बिघडत नाही.

गिरगावकर_मावशी
अगं केळफूल, चक्क्याबद्दल मी सांगते, माझा हात त्यावर बसलेला आहे. चक्का चालतो पण श्रीखंडाचा चक्का जसाच्या तसा घातलास तर पस्तावशील. चक्क्यात साखर मिसळली की तो पाणी सोडतो, श्रीखंड करताना बघतेसच की सैल पडतं. ते पाणी केकच्या चुऱ्यात मुरलं की गोळी लिबलिबीत होते आणि चॉकलेटच्या आत ओल राहते.
मग करायचं असं. अर्धा किलो दही फ्रीजमध्येच रात्रभर टांगायचं, मग फडक्यासकट ताटात ठेवून वर वजन ठेवायचं, वरवंटा नाहीतर पाण्याने भरलेलं पातेलं. खुटखुटीत झाला पाहिजे, फडक्याला चिकटता कामा नये. लोणी मऊ करून त्यात पिठीसाखर आधी फेटायची आणि चक्का सगळ्यात शेवटी, नुसता मिसळण्यापुरता. वर दोन चमचे दुधाची पावडर, ती उरलीसुरली ओल ओढून घेते. आमच्याकडे गिरगावात आणि दादरला डेअरींमध्ये तयार चक्का मिळतो, तो घेतलास तरी वजनाखाली ठेवायचा तो ठेवच.
आणि चक्का आंबट नको हं, आदल्या दिवशीचा ताजा हवा.

केळफूल
मावशी, साखर आधी लोण्यात फेटायची हे फारच पटलं! वेलदोडा, माप वहीत उतरवलं. पण चुऱ्यात चीज किंवा चक्का किती घालायचा ते कसं कळतं?

वेलदोडा
वरच्या केकचा पाऊण किलोच्या आसपास चुरा होतो, त्याला साधारण १२५ ते १५० ग्रॅम. पण मापावर विसंबू नकोस, दोन-दोन चमचे घालत जा. हातात चुरा घेऊन मूठ आवळायची, मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे उमटलेला मुटका तसाच राहिला आणि तळव्याला ओल लागली नाही की तिथेच थांब. तळवा चकचकीत झाला म्हणजे जास्त झालं. केक पूर्ण गार, शक्यतो आदल्या दिवशीचा हवा, गरम केक कुस्करला तर लगदा होतो. आणि कडेची तपकिरी कड सुरीने आधी काढून टाक, तिचे खडे राहतात.

पार्लेकर
वेलदोडाताई, पापुद्र्याचा मुद्दा मान्य. तरी मी लाडवाच्या बाजूनेच.

चाळकरी
वाचता वाचता मावा केक आठवला. ग्रँट रोड स्टेशनसमोरच्या मेरवान या इराण्याचा. त्याचा चुरा करून असे ट्रफल केले तर? मावा आहेच, वेलची आहेच, चीज घालायची पण गरज नाही बहुतेक.

खादाड_कल्याण
चाळकरी, मेरवानचा मावा केक गरमागरम हातात आल्यावर कुस्करायला घरापर्यंत शिल्लक राहायचा कुणाचा? आमचा तर दादरच्या पुढे गेला नाही कधी.

चाळकरी
हाहा बरोबर. १९१४ साली सुरू झालेलं दुकान ते, सकाळी लवकर गेलं तरच मिळायचा. तरी एकदा कुठला तरी मावा केक डझनभर जास्त घेऊन करून बघणार. उन्हाळ्यात लाल गाजरं नसतात तेव्हाचा पर्याय म्हणून.

जुनी_पानं
गाजराचा केक म्हटल्यावर थोडं अवांतर करतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० पासून साखर, लोणी, बेकन शिध्यावर मिळायला लागलं. गाजरं मात्र मुबलक होती, म्हणून सरकारच्या अन्न खात्याने घरोघरी गाजर खपावं यासाठी मोहीमच काढली, डॉक्टर कॅरट नावाचं चित्रातलं पात्रही केलं होतं. गोडवा गाजराचा घ्यायचा, साखर वाचवायची. म्हणजे कमी साखरेत निभवायचा पदार्थ होता हा, वरचं क्रीम चीज अमेरिकेतलं. माझं एवढंच म्हणणं की साखर कमी करायला कचरू नका, गाजराच्या केकला ते मानवतं.

सई_सायन
छान माहिती. आमच्या आजीकडे पण रेशनच्या साखरेच्या गोष्टी असायच्या, सणाला साखर पुरवून पुरवून वापरायची.

कोकोबाबा
उशिरा आलो धाग्यावर. अंधेरीला चॉकलेटच्या युनिटमध्ये काम करतो म्हणून तिसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, लांब होईल, सांभाळून घ्या.
पहिलं म्हणजे दुकानात 'पांढरं चॉकलेट' म्हणून दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. खऱ्या पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असतं, कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे निदान २० टक्के. दुसरं कंपाउंड, त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेलापासून केलेलं फॅट असतं. पाकिटाच्या मागे वाचलं की कळतं. चवीला खरं चॉकलेट कधीही सरस, तोंडात घातलं की अंगाच्या उष्णतेने विरघळतं. कंपाउंड तोंडात थोडं मेणचट राहतं. पण खऱ्याला टेम्परिंग करावं लागतं. म्हणजे ४०-४५ डिग्रीपर्यंत वितळवायचं, ढवळत २६-२७ वर आणायचं, परत २८-२९ वर नेऊन त्याच तापमानाला बुडवायचं. हे केलं नाही तर कवच मऊ, डागाळलेलं राहतं. थर्मामीटर नसेल तर घरच्या चाळीस गोळ्यांना कंपाउंड घ्यायला काहीही हरकत नाही, ते वितळलं की वापरायला तयार.
दुसरं, वितळवताना पाण्याचा थेंबही नको. चमचा ओला, भांडं ओलं, खालच्या पातेल्यातली वाफ, कशानेही चॉकलेट एकदम आवळून रवाळ गोळा होतो. पांढरं जळतंही पटकन. मायक्रोवेव्हमध्ये निम्म्या पॉवरवर वीस-वीस सेकंद आणि दर वेळी ढवळणं. घट्ट वाटलं तर चमचाभर खोबरेल, खायचं आणि बिनवासाचं. दूध किंवा पाणी अजिबात नाही. रंग घालणार असाल तर तेलातला.
तिसरं, कवचाला तडे का जातात. गोळी बर्फासारखी गार आणि चॉकलेट कोमट. चॉकलेट लगेच गोठतं, मग आतली गोळी हळूहळू तापून फुगते आणि कवच फाटतं, फटीतून तेल पाझरतं. म्हणून गोळ्या फ्रीजमध्ये घट्ट करा, फ्रीजरमध्ये नको, आणि बुडवायच्या आधी दहा मिनिटं बाहेर ठेवा.
आता घाम. तो चॉकलेटमधून येत नाही, हवेतून येतो. गार वस्तू दमट हवेत आली की हवेतली वाफ तिच्यावर जमते, ते पाणी वरची साखर विरघळवतं, म्हणून चिकट होतं आणि वाळल्यावर पांढुरके डाग राहतात. इलाज सोपा आहे. डबा घट्ट झाकणाचा हवा, आणि फ्रीजमधून काढल्यावर झाकण उघडायचं नाही. अर्धा तास डबा बंदच बाहेर ठेवायचा. थेंब जमतील ते डब्याच्या बाहेरच्या अंगाला, पुसून टाका. मग झाकण उघडा.
केळफूलताई, जानेवारी आहे म्हणून तुमचं सोपं आहे, संध्याकाळी मुंबईत हवा बरी असते. हाच कार्यक्रम मंगळागौरीला असता तर मी चॉकलेटला हात लावू नका म्हणालो असतो.

ओवा
कोकोबाबा __/\__ झाकण न उघडणं हे एवढं साधं आहे? मी तर कायम फ्रीजमधून काढून लगेच ताटात लावते. वाचनखूण साठवली.

रुग्णसेविका
एक काळजीपोटी सांगते. क्रीम चीज काय चक्का काय, आत दुधाचा ओला पदार्थ आहे. वरून चॉकलेट लावलं म्हणून तो लाडवासारखा बाहेर दिवसभर टिकत नाही. बाहेर जास्तीत जास्त दोन तास धरा. पाच ते नऊ सगळे एकदम मांडून ठेवू नका, बारा-बारा गोळ्यांचे वेगवेगळे डबे करा, बायका येतील तसा एकेक डबा काढत जा. येणाऱ्यांत म्हाताऱ्या बायका आणि एखादी पोटुशीही असेल, त्यांच्यासाठी तर नक्कीच. आणि अक्रोड आहेत हे ताटाजवळ सांगून ठेवा, काहींना चालत नाहीत.

कोकोबाबा
रुग्णसेविका, पूर्ण अनुमोदन. माझा अर्धा तासही त्या दोन तासांतच धरायचा.

सई_सायन
अक्रोडावरून आठवलं, आधी एक चावून बघ गं केळफूल. जुना असेल तर खवट, कडवट लागतो आणि सगळ्या केकला तो वास येतो. मी मस्जिद बंदरला सुका मेवा घेते, तिथे चव घेऊन देतात. कागदी वाट्या, कंपाउंडच्या लाद्या, बुडवायचा काटा हे सगळं क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास एका फेरीत मिळतं. शनिवार टाळ, पाय ठेवायला जागा नसते.

तिळपापडी
मला वेगळंच सुचतंय. संक्रांतीचं हळदीकुंकू आहे तर चॉकलेट हवंच कशाला? खमंग भाजलेले पांढरे तीळ आणि थोडं सुकं खोबरं ताटात पसरायचं आणि गोळ्या त्यात घोळवायच्या. टेम्परिंग नाही, तडे नाहीत, घाम नाही. तीळ गाजराला आणि दालचिनीला फार सुंदर लागतात, मी करते. साखरही कमी होते.

वेलदोडा
तिळपापडी, चव छानच लागेल पण मग वरचा कडकपणा गेला ना. आणि उघडी गोळी तासाभरात वरून सुकते.

तिळपापडी
तीळ कुरकुरीत असतात की. सुकण्याचं म्हणशील तर गोळ्या वळून लगेच घोळवायच्या, म्हणजे तीळ चिकटतात आणि वरचा थर बंद होतो. तासाभरात माझ्याकडे तरी काही शिल्लक राहत नाहीत.

पार्लेकर
तिळात घोळवलेला गाजराचा गोळा. म्हणजे फिरून लाडवापाशीच आलो आपण. मी आता निवांत झोपतो.

खादाड_कल्याण
पार्लेकरांचा विजय असो. हळदीकुंकवाला पुरुषांना बोलावत नाहीत ही मोठी अन्यायाची गोष्ट आहे, यावर वेगळा धागा काढा.

गिरगावकर_मावशी
खादाड, आमच्याकडे बायका गेल्यावर उरलेलं सगळं घरातले पुरुषच संपवतात. कसला अन्याय!
तिळपापडीची कल्पना मला आवडली. दोन्ही करावं की. साबांच्या भिशीतल्या बायकांना कडक चॉकलेटपेक्षा तिळाचं मऊ बरं पडेल, पण तीळ दातात अडकतात हे लक्षात ठेव. कवळीवाल्यांना खोबऱ्यात घोळवून दे, अगदी बारीक केलेल्या.

केळफूल
सगळ्यांचे खूप आभार. आता असं ठरवलंय. बुधवारी दही टांगणार, गुरुवारी रात्री केक, शुक्रवारी कुस्करून गोळ्या वळून फ्रीजमध्ये, शनिवारी सकाळी बुडवणं. चक्काच घेणार, मावशींच्या पद्धतीने वजनाखाली ठेवून. तीस गोळ्या कंपाउंडमध्ये, बाकी तिळात आणि खोबऱ्यात. बाराबाराचे डबे, झाकण अर्धा तास बंद. साबांना विचारलं तर त्या म्हणाल्या दालचिनी कमी आणि जायफळ जास्त घाल, ते मी ऐकणार आहे, कारण कोकणातून आलेलं घरचं जायफळ आहे आणि त्याचा वास खरंच वेगळा आहे.
फक्त एक शंका. बुडवताना चॉकलेट खाली साचून गोळीला पाय फुटतो, सपाट बूड येतं, ते कसं टाळायचं?

कोकोबाबा
जास्तीचं झटकत नाही आपण म्हणून होतं. काट्यावर गोळी उचलली की काटा भांड्याच्या कडेवर हलके हलके आपटा, वरच्या थराला लाटा येऊन तो पातळ होतो. मग काट्याची खालची बाजू कडेला निपटून घ्या आणि गोळी बटर पेपरवर सरकवा. चॉकलेट फार पातळ किंवा फार गरम असेल तरी पाय येतो, दोन मिनिटं थांबा. आणि चारशे ग्रॅम पुरेल असा हिशेब निघाला तरी अर्धा किलो वितळवा, भांड्यात खोली असली तरच गोळी नीट बुडते.

ओवा
मग उरलेल्या चॉकलेटचं काय करायचं? त्यात केकचा चुरा पडलेला असतो.

कोकोबाबा
बारीक चाळणीतून गाळून बटर पेपरवर ओता, गोठलं की तुकडे करून डब्यात. कंपाउंड असेल तर पुढच्या वेळी सरळ वितळवून वापरता येतं. पण चीज किंवा चक्का त्यात मिसळला गेला असेल तर ठेवू नका, त्याच दिवशी बिस्किटं बुडवून संपवा.

वेलदोडा
आणि केकच्या त्या तपकिरी कडा मी काढायला सांगितल्या होत्या ना, त्या फेकू नका. ओव्हनमध्ये नाहीतर तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून मिक्सरला फिरवा. चॉकलेट ओलं असतानाच त्यातली चिमूट वर भुरभुरवायची, अक्रोडाचा खर्च वाचतो आणि ज्यांना सुका मेवा चालत नाही त्यांच्या गोळ्या वेगळ्या ओळखूही येतात. मात्र त्यांच्यासाठी केकच्या घाण्यातच अक्रोड घालायचे नाहीत, म्हणजे छोट्या टिनमध्ये वेगळा भाजायचा, आणि भुरभुरायचा चुराही त्याच केकच्या कडांचा घ्यायचा. बुडवायलाही त्याच गोळ्या सगळ्यात आधी घे, चॉकलेट स्वच्छ असताना.